दोन नावांची खुर्ची : कोपनहेगनच्या सुतार-श्रेणीची कैफियत

फिन यूल यांनी आराखडा केलेली आणि नील्स वोडर यांच्या कारखान्यात घडलेली एखादी जुनी खुर्ची उलटी करून पाहिली, तर बैठकीखालच्या लाकडावर तापल्या लोखंडाने उमटविलेली मुद्रा दृष्टीस पडते. तिच्यात प्रथम वोडर यांचे नाव, त्याला जोडून त्यांचा सुतारकीचा हुद्दा, मग कोपनहेगन व डेन्मार्क ही स्थळे, आणि सर्वांच्या शेवटी आराखडा फिन यूल यांचा असल्याचा उल्लेख, असा क्रम असतो. आज लिलावगृहांतून आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून ती खुर्ची केवळ यूल यांच्या नावाने ओळखली जाते, हा काळाचा महिमा. परंतु ज्याने खोड पारखले, फळी वाळविली, तिचा रेषा-रोख पाहून खुर्चीचा हात कापला आणि रंधा फिरविता फिरविता तो हात माणसाच्या हाताला सुखाचा केला, त्याचे नाव आराखडाकाराच्या आधी लिहिले जावे, ही गोष्ट त्या मुद्रेच्या काळी कोणाला नवलाची वाटत नसे. हा शिरस्ता ज्या संस्थेने चाळीस वर्षे सांभाळला, तिची कैफियत आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत नमूद असावी, असे मला मनापासून वाटते. कारण आपल्या मंडळाचे बहुतेक सभासदही पटाशी हातात धरूनच मोठे झाले आहेत.

त्या संस्थेला मी हेतुपुरस्सर ‘श्रेणी’ म्हणतो. एकाच धंद्यातल्या कसबी लोकांनी एकत्र येऊन आपले नियम आपण करावेत, उमेदवारांना शिकवावे, बनावटीची जबाबदारी सामुदायिक मानावी, आणि समाजाने त्या समूहावर विश्वास टाकावा, ही कल्पना आपल्या भूमीला परकी नाही. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून 3000 कार्षापणांची ठेव कायम व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी भेटतात. पुढे गावगाड्यात सुतार बलुतेदार झाला, त्याचा हक्क व मान गावाने ठरवून दिला. परंतु श्रेणी म्हणून स्वतःचे दप्तर राखणारी त्याची संस्था आपल्याकडे त्या जोमाने टिकली नाही. युरोपातील नगरांत ती टिकली, आणि कोपनहेगनात तर तिने विसाव्या शतकात एक अनपेक्षित पर्व उभे केले.

डॅनिश भाषेत घराचे वासे, तुळया आणि पाखाडी करणारा सुतार वेगळा, आणि कपाट, मेज, खुर्ची असे नाजूक काम करणारा सुतार वेगळा. दोघांना दोन निराळे शब्द आहेत. या दुसऱ्याला ‘स्नेडकर’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्या कानाला एखाद्या मराठी आडनावासारखा ओळखीचा वाटतो. कोपनहेगनच्या स्नेडकरांची श्रेणी 1554 साली स्थापन झाली. उमेदवारी किती वर्षांची, उमेदवाराने शेवटी कसोटीची म्हणून कोणती वस्तू घडवून दाखवावी, धनी सुतार होऊ इच्छिणाऱ्याची परीक्षा कशी घ्यावी, नगरात हा धंदा कोणी करावा व कोणी करू नये, हे सारे श्रेणीच्या अधिकारात असे. शतकानुशतके चाललेला हा मक्ता 1857 च्या धंदेस्वातंत्र्याच्या कायद्याने काढून घेतला आणि 1862 पासून तो कायदा अमलात आला. श्रेणी बरखास्त झाली नाही. पण तिची सत्ता गेली आणि मागे राहिली ती केवळ बिरादरी व प्रतिष्ठा. माझ्या मते तिचे पुढचे सगळे भाग्य या हानीतून उदयास आले, कारण हुकमाने ग्राहक मिळण्याचे दिवस संपल्यावर गुणाने ग्राहक मिळविण्यावाचून तिच्यापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता.

तो मार्ग सापडण्यास साठ-पासष्ट वर्षे जावी लागली. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत यंत्रावर झटपट निघणारे स्वस्त फर्निचर बाजारात आले, मध्यमवर्गीय गिऱ्हाईक मोठ्या दुकानांकडे वळले, आणि हाताने काम करणाऱ्या कारखान्यांतील बाके रिकामी पडू लागली. तेव्हा श्रेणीच्या सभासदांनी 1927 साली आपल्या मालाचे प्रदर्शन भरविले, आणि ते दरसाल भरवावयाचे ठरविले. आरंभीच्या मांडणीत नवे असे थोडेच होते. राजे-रजवाड्यांच्या काळातील शैलींच्या सफाईदार नकला पुष्कळ होत्या. कसब निर्विवाद, परंतु ते कशावर खर्च करावे याचा निर्णय झालेला नव्हता. हे ओळखून श्रेणीने तरुण वास्तुविशारदांना हाक दिली आणि 1933 पासून आराखड्यांची स्पर्धा सुरू केली. निवडलेला आराखडा कोणी ना कोणी धनी सुतार आपल्या खर्चाने, आपल्या कारखान्यात, प्रदर्शनाच्या मुदतीत प्रत्यक्ष उतरवी. शरद ऋतूत प्रदर्शन उघडे, वृत्तपत्रे त्यावर कठोर चर्चा करीत, नागरिक सहकुटुंब येऊन खुर्च्यांवर बसून पाहात, आणि दुसऱ्या दिवसापासून सुतार व वास्तुविशारद पुढच्या वर्षाच्या विचारास लागत.

या हाकेला ओ देणारे बहुतेक तरुण एकाच गुरूच्या हाताखालून गेलेले होते. कोरे क्लिंट यांनी 1924 साली कोपनहेगनच्या शाही ललितकला अकादमीत फर्निचरच्या शिक्षणाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. अठराव्या शतकातील एक जुने रुग्णालय कलावस्तुसंग्रहालयासाठी सिद्ध करण्याच्या कामातही त्यांचा मोठा हात होता. त्याच वास्तूत पुढे अनेक वर्षे श्रेणीची प्रदर्शने भरत. क्लिंट यांची शिकवण वरकरणी रूक्ष वाटावी अशी होती. कपाट काढावयाचे असेल तर आधी सदऱ्याची घडी मोजा, रुमाल मोजा. भांड्यांची मांडणी काढावयाची असेल तर ताटे, पेले, सुऱ्या व काटे यांची मापे घेऊन मग फळ्यांची अंतरे ठरवा. खुर्ची काढावयाची असेल तर बसणाऱ्या देहाची मापे घ्या. नावीन्यासाठी नावीन्य त्यांना मान्य नव्हते. इंग्रजी, चिनी आणि अमेरिकेतील शेकर पंथीयांच्या जुन्या उत्तम वस्तू ते विद्यार्थ्यांकडून बारकाईने मोजवून, रेखाटवून घेत, आणि पूर्वजांनी सोडविलेला प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडविण्यात काल घालवू नये असे सांगत.

याचा एक दाखला आपल्या देशाशी थेट जोडलेला आहे. क्लिंट यांनी 1933 साली केलेली सफारी खुर्ची आज जगप्रसिद्ध आहे. तिचे मूळ मात्र रुडकीत आहे. इंग्रजी अमदानीत तेथे असलेल्या लष्करी अभियंत्यांच्या ठाण्यात, मोहिमेवर नेण्यासाठी सुटी होणारी एक हलकी खुर्ची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाली आणि तिला त्या गावाचेच नाव पडले. आफ्रिकेत हिंडणाऱ्या एका अमेरिकन दांपत्याच्या प्रवासचित्रांत तिच्यासारखी खुर्ची क्लिंट यांच्या नजरेस आली. त्यांनी ती सुधारून घेतली : ॲश लाकडाचे गोल दांडे, कापडाची बैठक, चामड्याचे पट्टे, कोठेही सरस नाही, स्क्रू नाही. आडवे दांडे पायांच्या भोकांत नुसते बसविलेले असतात आणि माणूस बसला की त्याच्याच भाराने सांधे आवळले जातात. जमीन खालीवर असली तरी चारही पाय टेकतात. नुसत्या गरजेतून घडलेली छावणीची वस्तू, 1869 पासून कोपनहेगनात चालत आलेल्या रुड. रासमुसेन यांच्या कारखान्याने, राजवाड्यातील मेजाला जितकी निगा द्यावी तितक्याच निगेने घडविली. रुडकीच्या ज्या कारागिरांनी ते मूळ दांडे प्रथम खरादले असतील, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

प्रदर्शनाच्या निमित्ताने जोड्या जमत गेल्या, आणि या जोड्या हाच श्रेणीच्या इतिहासाचा गाभा आहे. ओले वान्शर यांचे नाव ए. जे. इव्हर्सन यांच्याशी, बॉर्ग मोगेन्सन यांचे एर्हार्ड रासमुसेन यांच्याशी, हान्स वेग्नर यांचे योहानेस हान्सन यांच्याशी, आणि फिन यूल यांचे नील्स वोडर यांच्याशी जोडले गेले. यूल आणि वोडर 1937 साली प्रथम एकत्र आले आणि दोन दशकांहून अधिक काळ एकत्र राहिले. यूल हे सुतारकी शिकलेले नव्हते, क्लिंट यांचे विद्यार्थीही नव्हते. त्यांचा ओढा आधुनिक शिल्पकलेकडे होता, आणि त्यांच्या रेषा अशा की परंपरेत मुरलेल्या सुताराने कागद पाहून परत करावा. त्यांच्या 1945 च्या खुर्चीत बैठक चौकटीवर टेकलेलीच दिसत नाही. ती चौकटीपासून सुटून अधांतरी तरंगते असा भास होतो, आणि हात मागच्या पायांत अशा बारीक कंबरेने शिरतात की तेथे लाकूड उरते तरी किती असा प्रश्न पडावा. त्या बारीक ठिकाणी कुसू आणि भोक कसे बसवावे, रेषा कोणत्या दिशेने घ्यावी म्हणजे हात मोडणार नाही, हे कागदावर नव्हते. ते वोडर यांनी शोधिले. वोडर यांनी नाही म्हटले असते तर त्या खुर्च्या वहीतच राहिल्या असत्या.

वर्ष 1949. एकाच प्रदर्शनात दोन खुर्च्या आल्या आणि डॅनिश लाकूडकामाचा सारा इतिहास त्या दोहोंपाशी येऊन थबकला. एक यूल-वोडर यांची : सुमारे मीटरभर रुंद, ढालीसारखी पाठ, पालथ्या तळव्यासारखे चामड्याने मढविलेले हात. उद्घाटनास आलेले राजे नववे फ्रेडरिक तिच्यावर बसले, तेव्हा हिला राजाची खुर्ची म्हणावे काय असे एका बातमीदाराने विचारले, आणि त्यापेक्षा सरदाराची म्हणा, असे यूल यांनी सुचविले, अशी आख्यायिका आहे. त्या नावानेच ती रूढ झाली. दुसरी वेग्नर यांची गोल खुर्ची, योहानेस हान्सन यांच्या कारखान्यातली, इतकी साधी की प्रथमदर्शनी कोणी थांबू नये. चार निमुळते पाय, वेताने विणलेली बैठक, आणि हात व पाठ मिळून एकच अखंड वळण, हाताच्या टोकाशी रुंद व सपाट होत जाणारे.

हे वळण अखंड दिसते, परंतु ते लाकडाच्या तीन तुकड्यांचे आहे. इतके वाकडे अंग एका फळीतून काढल्यास रेषा तुटून ते कमजोर होईल. पहिल्या खुर्चीत वेग्नर यांनी मधल्या पाठीभोवती वेत गुंडाळून सांधा झाकला होता. लवकरच त्यांचे मन बदलले. तुकड्यांची टोके करवतीच्या दात्यांसारखी कापून ती एकमेकांत अशी बसविली की सरसाला भरपूर पृष्ठभाग मिळावा आणि सांधा लाकडाइतकाच बळकट व्हावा. आणि तो दातेरी सांधा त्यांनी पाठीवर उघडा ठेवला. बोट फिरविले तर उंचवटा लागत नाही, डोळ्याला मात्र त्या नागमोडी खुणा स्पष्ट दिसतात. या खुर्चीचे सौंदर्य वर्णिताना समीक्षक तिच्या वळणाविषयी पुष्कळ लिहितात. मला स्वतःला वेग्नर यांचा तो निर्णय अधिक मोठा वाटतो. सुताराने केलेली गोष्ट झाकण्याजोगी नसून दाखविण्याजोगी आहे, असे त्या सांध्याने उघडपणे म्हटले.

असा निर्णय वेग्नर घेऊ शकले, याचे कारण ते स्वतः सुतार होते. दक्षिण सीमेवरील टॉनर गावी एका चांभाराच्या घरी 1914 साली त्यांचा जन्म झाला, चौदाव्या वर्षाच्या आसपास ते गावच्या सुताराकडे उमेदवारीस लागले, आणि सतराव्या वर्षी पुरे कारागीर झाले. तरीही योहानेस हान्सन यांच्या कारखान्यात त्यांना नील्स थॉमसन या मुकादमाचा आधार लागे. वेग्नर यांनी आराखडा वा नमुना आणावा, थॉमसन यांनी लाकडात तो पडताळावा, अमुक जागी अंग जाड हवे, अमुक जागी आणखी काढता येईल असे सांगावे, आणि दोघांनी मिळून पुढचा नमुना करावा, अशी रीत होती. मुद्रेत धन्याचे नाव असे, मुकादमाचे नसे. म्हणजे दोन नावांच्या या शिरस्त्यातही तिसरे नाव गळतेच.

माझ्या घरी सागवानी लिहिण्याचे मेज आहे; माझ्या वडिलांनी ते पेठेतल्या एका सुताराकडून करून घेतले होते. पॉलिश करण्यासाठी ते सुटे केले, तेव्हा प्रत्येक कुसवावर व त्याच्या भोकाशेजारी शिसपेन्सिलीने घातलेले आकडे सापडले : एकास एक, दोनास दोन, तिनाच्या आकड्याला एक लहान फुली. बहुधा तो सांधा पुन्हा करावा लागला असावा. त्या आकड्यांवरून त्या माणसाचे अक्षर मला आता ओळखता येईल. नाव मात्र घरात कोणालाच सांगता आले नाही.

या प्रदर्शनांतील वस्तू स्वस्त नव्हत्या, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. महोगनी, ब्राझीलची शिसवी, अक्रोड, आणि युद्धानंतर सयाम व ब्रह्मदेशाकडचा साग यांत घडविलेली, एकेका खुर्चीवर कितीतरी दिवस राबून सिद्ध केलेली ही चीज सामान्य डॅनिश नागरिकाच्या ऐपतीबाहेरची होती, आणि तशी टीका त्या काळीही होत असे. मोगेन्सन यांच्यावर तर हे ओझे विशेष होते. 1942 पासून सहकारी भांडारांच्या महासंघाच्या फर्निचर-विभागाचे प्रमुख या नात्याने ते सामान्य घरांसाठी काम करीत. त्यांची 1947 ची बीच लाकडाची, विणलेल्या बैठकीची खुर्ची लोकांची खुर्ची म्हणूनच प्रसिद्ध आहे. मला यात विसंगती दिसत नाही. श्रेणीचे प्रदर्शन ही एका अर्थी प्रयोगशाळा होती. एका प्रतीवर वेळ व लाकूड खर्चून तेथे जे कळले, ते पुढे यंत्रशाळांना कामी आले. वेग्नर यांनी 1949 सालीच ओडेन्सच्या कार्ल हान्सन यांच्या कारखान्यासाठी केलेली, वाफेने वाकविलेल्या पाठीची आणि सुमारे 120 मीटर कागदी दोरीने विणलेल्या बैठकीची खुर्ची यंत्र व हात यांच्या वाटणीनेच निघते, आणि आजतागायत निघत आहे. युद्धकाळाचेही येथे स्मरण करावयास हवे : एप्रिल 1940 पासून देश जर्मन अमलाखाली असता, परदेशी लाकडाची आवक आटलेली असता, श्रेणीने एकही वर्ष प्रदर्शन चुकविले नाही.

अमेरिकेतील एका अंतर्रचनाविषयक मासिकाने 1950 साली वेग्नर यांच्या त्या गोल खुर्चीची दखल घेतली आणि समुद्रापलीकडून मागणी सुरू झाली. शिकागोच्या एका क्लबाने एकदम चारशे खुर्च्या मागितल्या, आणि मोजक्या हातांच्या योहानेस हान्सन यांच्या कारखान्याला ती मागणी प्रथम परत करावी लागली, असे सांगतात. 26 सप्टेंबर 1960 रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे दोन उमेदवार, केनेडी आणि निक्सन, दूरचित्रवाणीवर प्रथमच समोरासमोर वाद करण्यास बसले ते याच खुर्च्यांवर. यूल यांना न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या विश्वस्त परिषदेचे सभागृह सजविण्याचे काम मिळाले. डेन्मार्कातून सागवानी फर्निचर जहाजे भरभरून बाहेर पडू लागले.

हीच भरभराट श्रेणीच्या प्रदर्शनास घातक ठरली. मागणी वाढली ती अशा संख्येने की दहा-वीस माणसांच्या कारखान्याने ती पुरवू नये. सागात नैसर्गिक वाळूकण असतात. आपल्या सुतारांना हे सांगावयास नको, त्यांच्या पटाश्या रोज बोथट होतात. पण कठीण धातूच्या दात्यांच्या करवती आल्यावर यंत्राला तीही अडचण उरली नाही, आणि मोठ्या यंत्रशाळांनी त्याच वळणाची कपाटे व खुर्च्या निम्म्या कष्टात बाजारात आणल्या. मजुरी चढली, उमेदवार घटले, तरुणांची आवड लोखंडी नळ्या व प्लास्टिक यांकडे वळली. चाळिसावे प्रदर्शन 1966 साली भरले, आणि तेच अखेरचे ठरले. पुढे 1981 साली सुतारांनी व आराखडाकारांनी शरद-प्रदर्शनाची एक नवी चाल सुरू केली, ती आजही चालू आहे. परंतु ती संस्था निराळी.

ग्रेटे याल्क या स्वतः सुतारकी शिकलेल्या आराखडाकर्तीने चाळीसही प्रदर्शनांचा साद्यंत वृत्तान्त चार खंडांत संकलित करून 1987 साली प्रसिद्ध केला. याल्कबाईंनी स्वतः उत्तम खुर्च्या केल्या. तरी हे दप्तर लावून ठेवण्याचे त्यांचे काम मला त्या खुर्च्यांहून कमी मोलाचे वाटत नाही.

बाजाराने या वस्तूंना दिलेली किंमत आता वेगळ्याच आकड्यांत सांगितली जाते. कोपनहेगनचेच पेडर मोस आपले फर्निचर स्वतः आखीत आणि स्वतःच घडवीत. त्यांनी 1952 साली एका घरासाठी केलेले जेवणाचे मेज 2015 मध्ये लंडनच्या लिलावात 6,02,500 पौंडांस विकले गेले. कारखान्यांचे भवितव्य मात्र असे नव्हते. वोडर यांचा कारखाना राहिला नाही. योहानेस हान्सन यांचा 1990 च्या सुमारास बंद झाला. रुड. रासमुसेन 2011 साली कार्ल हान्सन यांच्याकडे गेले. गोल खुर्ची पोरकी झाली असती, ती कोपनहेगनच्या उत्तरेस अलरॉड येथील एका लहान कारखान्याने वाचविली. एजनार व लार्स पेडर पेडरसन या दोघा भावांनी 1953 साली तो स्थापन केला. इतरांसाठी खुर्च्यांचे सांगाडे करीत करीत तो वाढला, आणि वेग्नर यांच्याशी त्याचा स्नेह जडला. 2007 मध्ये वेग्नर निवर्तले, त्याआधीच योहानेस हान्सन यांच्याकडचे काम या कारखान्याने आपल्याकडे घेतले होते. तेथे ती खुर्ची अजून होते. पाठीचे तीन तुकडे जुळवून सरस लावितात, वाळल्यावर हाताने घासून वळण आणितात, आणि तो दातेरी सांधा उघडाच ठेवितात.